उजव्या कुशीवरचे दोन पट्टे

केवळाबाईच्या हातून आयुष्यात जे सगळ्यात महागडं नुकसान झालं, ते तिला भांडी चांगली घासता येतात म्हणून झालं. हे ती स्वतःच सांगते, आणि आपलं त्यात चुकलं काय ते तिला अजूनही पुरतं पटलेलं नाही. पेडगावात तिच्या घरच्या पितळेचं नाव आहे. चुलीतली राख, नारळाची शेंडी आणि तिचा उजवा हात, या तिघांपुढं कुठलाच डाग टिकत नाही. मोटारही टिकली नाही, एवढंच.

झालं असं. माघातला रविवार होता. केवळाबाईच्या नवऱ्याची, येडबाची, सत्तर मेंढरं दोन दिवसांपूर्वीच कातरून झाली होती. लोकर गेली की तिच्याबरोबर जुनी खूणही जाते, आणि बिनखुणेचं मेंढरू रानात दुसऱ्याच्या कळपात शिरलं, की कुणाचं कोणतं यावरून दोन घरांत वर्षभर बोलणं बंद. म्हणून कातरणी झाली की लगेच नवी खूण मारायची. येडबाची खूण त्याच्या आज्यापासून चालत आलेली होती: उजव्या कुशीवर दोन तांबडे पट्टे. केवळाबाईनं आणि तिच्या लेकीनं, दीपिकानं, सकाळी ऑइल पेंटचा डबा फोडला आणि एकेक मेंढरू धरून रंगवलं. एक सुलतान तेवढा राहिला. सुलतान म्हणजे कळपातला एडका, शिंगांना दोन वेढे असलेला आणि डोकं चालवण्यापेक्षा डोक्यानं धडक देण्यात हुशार. त्याला येडबा पहाटेच शेतात घेऊन गेला होता आणि तिथं खुंट्याला बांधून ठेवला होता.

रंग वाळायला दिवस लागतो. पण मेंढराला तहान लागली की ते रंगाची वाट बघत नाही. दुपार कलली तशी केवळाबाई आणि दीपिका कळप घेऊन गावाच्या कडेला, दत्तरावाच्या हौदावर निघाल्या.

दत्तरावाचं आणि यांचं नातं तीस वर्षांचं. दरवर्षी सुगी झाली की येडबाची मेंढरं त्याच्या शेतात रात्रीची बसायची, रानाला खत व्हायचं आणि येडबाला रात्रीमागं पैसे मिळायचे. येडबानं राम राम म्हणायचं, दत्तरावानं जय भीम म्हणायचं, मग किती रात्री बसवायच्या यावरून दोघांनी अर्धा तास घासाघीस करायची आणि शेवटी मागच्या वर्षीइतक्याच ठरवायच्या. दत्तरावाची बायको चांगुणाबाई आणि केवळाबाई तोवर हौदावर बसून गावभरच्या सुनांचा आढावा घ्यायच्या. चांगुणाबाईची स्वतःची सून, धम्मशीला, परभणीत एका शाळेवर शिकवत होती. मुलगा सिद्धोधन जिल्ह्याच्या कचेरीत कारकून होता. दोघं सुट्टीला गावी यायची.

त्या दिवशी दोघं आलेली होती, पण वेगवेगळी. सिद्धोधन शनिवारी संध्याकाळीच मोटारसायकलवर आला होता. धम्मशीला रविवारी सकाळी आली ती मोटार चालवत. मोटार जुनीच, कुणाची तरी वापरलेली, पण पांढरीशुभ्र, आणि धम्मशीलानं आपल्या पगारातून चार वर्षं पैसे मागं टाकून घेतलेली. चालवायला शिकून तीन महिने झाले होते. एकटीनं गावापर्यंत आणण्याची ही पहिली खेप. सिद्धोधननं आदल्या दिवशी निघताना सांगितलंच होतं, की एकटीनं आणू नको, कुठंतरी ठोकशील. ती म्हणाली होती, बघू.

केवळाबाई हौदाकडं वळली तेव्हा मोटार दत्तरावाच्या फाटकाबाहेर, गोदामाच्या भिंतीला खेटून उभी होती. भिंत आणि मोटार यांच्यात जेमतेम दीड हात जागा. पलीकडं अख्खा रस्ता मोकळा होता, दोन बैलगाड्या बिनबोभाट जातील एवढा. पण भिंतीकडेला बाभळीच्या शेंगा पडल्या होत्या, आणि कळपाच्या पुढं चांदी होती.

चांदीबद्दल सांगायलाच हवं. केवळाबाईच्या लग्नात तिच्या बापानं तिला एक मेंढी दिली होती, गळ्यात पितळी घंटी बांधून. धनगराच्या घरात लेकीला द्यायची ती अशी चालती-बोलती ठेव. त्या मेंढीची लेक, तिची लेक, असं करत करत तीस वर्षांत माहेरच्या त्या वंशातली कितीतरी मेंढरं झाली आणि गेली. कुणी घराच्या पत्र्यात गेली, कुणी मुलाच्या, रामहरीच्या, शिक्षणात गेली, एक डॉक्टरच्या बिलात गेली. राहिली ती एकटी चांदी, तिसऱ्यांदा गाभण, आणि गळ्यात तीच घंटी. वैशाखात दीपिकाचं लग्न पाथरीकडं ठरलं होतं, आणि चांदी तिच्याबरोबर जायची होती. कळपातली बाकी एकूणएक मेंढरं येडबाची होती. ही एक केवळाबाईची होती.

तर ही चांदी शेंगांच्या वासानं भिंत आणि मोटार यांच्यामधल्या बोळात शिरली. ती शिरली म्हटल्यावर उरलेल्या अडुसष्ट जणींनी आणि जणांनी रस्त्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. एकामागोमाग एक, डावी कूस भिंतीला आणि उजवी कूस मोटारीला घासत, सगळा कळप आरामात पार झाला. केवळाबाई मागून ओरडत होती, दीपिका पुढून हाकलत होती, पण बोळात अडकलेल्या मेंढराला मागं घेता येत नाही. शेवटचं कोकरू बाहेर आलं तेव्हा मोटारीची ती बाजू पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत तांबडीलाल झाली होती.

केवळाबाई फाटकापाशी धावली. फाटकातून आत बघितलं, तर जेवणं होऊन सगळं घर आडवं झालेलं. दार उघडं, आणि दत्तरावाचं घोरणं हौदापर्यंत ऐकू येत होतं. हाक मारावी असं तिला एकदा वाटलं. मग वाटलं, कशाला? रंग ओला आहे, घर झोपलेलं आहे, आणि आपल्याला हात आहेत. उठायच्या आत चकचकीत करून ठेवू. तिनं दीपिकाला मेंढरं हौदावर सांभाळायला सांगितलं, मागच्या परड्यातल्या चुलीतली ओंजळभर राख घेतली, मोरीतली नारळाची शेंडी घेतली, पदर खोचला आणि बसली.

आणि काय घासली तिनं मोटार! परातीला घासतात तशी, गोल गोल, बोटांत जोर आणून, कडेनं, खाचेतून, कडीच्या आतून. तांबडा रंग राखेबरोबर गळून खाली आला. मागच्या दाराशी, तिच्या कमरेच्या वर, हाताला एक पोचा लागला, वाटीएवढा. त्यात थोडा निळा रंगही चिकटलेला होता. आपली खूण तर तांबडी, हा निळा कुठला, असं क्षणभर तिच्या मनात आलं, पण डाग तो डाग. तिनं तोही काढला. दोन घागरी पाणी ओतलं आणि बोळाच्या तोंडाशी येऊन पाहिलं. मोटार अशी लखलखत होती, की घेतली त्या दिवशीही लखलखली नसेल. केवळाबाईनं स्वतःवर खूश होऊन पदरानं कपाळ पुसलं.

मग ऊन लागलं आणि पाणी वाळलं.

जसजसं वाळत गेलं तसतशी चमक गेली आणि खालून वर्तुळं उगवू लागली. लहान, मोठी, एकात एक, हजारभर तरी असतील. दोन्ही दारं शाळेतल्या फळ्यासारखी भुरकट दिसायला लागली. केवळाबाईनं घाईनं आणखी एक घागर ओतली, तर पुन्हा लखलखीत. वाळली, की पुन्हा वर्तुळं. तिसऱ्या घागरीला दीपिका म्हणाली, "माय, किती दिवस वल्ली ठिवनार हायस?"

त्या आवाजानं सिद्धोधन बाहेर आला. मागोमाग चांगुणाबाई, दत्तराव, आणि सगळ्यात मागं धम्मशीला. केवळाबाईनं काहीच लपवलं नाही. शेंगा, बोळ, रंग, राख, सगळं एका दमात सांगितलं आणि हातातली शेंडी पुरावा म्हणून पुढं केली. सिद्धोधन हसावं की रडावं अशा तोंडानं वर्तुळांवरून बोट फिरवत मागच्या दारापाशी आला आणि थांबला.

हा पोचा कसला, असं त्यानं विचारलं. मग त्यानं स्वतःच उत्तर काढलं. एडका. तुमच्या सुलताननं धडक दिली असणार, तो कुणालाही देतो, मागच्या साली पोस्टमनच्या सायकलला दिली होती.

केवळाबाईनं तोंड उघडलं. सांगायला तिच्याकडं पुष्कळ होतं. सुलतान कळपात नव्हताच, तो मैलभर लांब शेतात खुंट्याला होता. शिवाय एडका धडक देतो ती माणसाच्या मांडीला, आणि हा पोचा तिच्या कमरेच्या वर होता; सुलतानाला तिथं पोचायला पाटावर उभं राहावं लागलं असतं. पण बोलायच्या आधी तिची नजर धम्मशीलाकडं गेली. ती मोटारीकडं बघतच नव्हती. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ती फाटकाकडं बघत होती. केवळाबाईनंही तिकडं बघितलं. फाटकाचा खांब निळा होता, आणि त्याच्यावरचा एक टवका ताजा उडालेला होता.

केवळाबाई शिकलेली नाही, पण तीस वर्षं तिनं मेंढराच्या नुसत्या चालीवरून त्याला काय झालंय ते ओळखलेलं आहे. मोटार भिंतीला इतकी खेटून का लावली, कोणती बाजू भिंतीकडं केली, आणि बोळ दीड हाताचाच का राहिला, हे तिला एका नजरेत कळलं.

"व्हय," ती म्हणाली. "सुलतानानंच दिली धडक."

दीपिकाचे डोळे मोठे झाले. केवळाबाईनं तिचा दंड असा धरला, की पोरीनं तोंडातला शब्द गिळून टाकला. धम्मशीलानं चमकून केवळाबाईकडं पाहिलं.

घरी आल्यावर येडबाची समजूत घालणं सगळ्यात जड गेलं. मोटार घासली ते त्यानं मुकाट्यानं ऐकून घेतलं, पण सुलतानाचं नाव निघाल्याबरोबर तो उठून उभा राहिला. एडका दिवसभर त्याच्या डोळ्यांसमोर होता आणि हा आळ त्याला सोसवेना. केवळाबाईनं एवढंच सांगितलं, की मला काही विचारू नका आणि गावात काही बोलू नका. येडबा बोलला नाही. पण दोन दिवसांत गावानं आपल्या परीनं भर घातली. सुलताननं एक नाही, दोन मोटारी फोडल्या, त्यातली एक तर चालती होती, अशी बातमी पाराशी पोचली. लोक सुलतान दिसला की मोटारसायकली आत घ्यायला लागले. येडबाला याचं फार वाईट वाटत होतं, आणि मनातून थोडं बरंही वाटत होतं.

मंगळवारी हौदावर चांगुणाबाईच्या तोंडून खर्चाचा आकडा निसटला. सिद्धोधननं परभणीत बन्सीधर मिस्त्रीला गाडी दाखवली होती. पोचा काढून दोन्ही दारं नव्यानं रंगवायची म्हणजे अकरा हजार. विमा होता, पण तो समोरच्याच्या गाडीचं भरून देणारा, आपल्या गाडीचं नाही. हे सांगून झाल्यावर चांगुणाबाईनं जीभ चावली आणि शपथ घातली, की तू यातला एक रुपया द्यायचा नाहीस, आमचं आमी बघू.

पण केवळाबाईचं डोकं तिथंच अडकलं होतं. खरवडलं तिनं, तर भरायचं तिनं. तीस वर्षं या घरच्या हौदावर ती मेंढरं घेऊन आली, ती मान वर करून. उद्यापासून मान खाली घालून यायचं हे तिला जमण्यासारखं नव्हतं. येडबाकडं मागितले असते तर त्यानं दिले असते, पण मग त्यानं बोलूनही दाखवलं असतं, आणि चूक काही येडबाची नव्हती. तिच्या स्वतःच्या मालकीचं जगात एकच होतं. गाभण मेंढी, कळपाच्या पुढं चालणारी. अकरा-बारा हजार सहज येतील.

तिनं निरोप पाठवून व्यापाऱ्याला गुरुवारी बोलावलं. दीपिकाला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, की मला काय, मी दुसरी मेंढी नेईन. रात्री पांघरुणात तोंड घालून ती रडली, आणि केवळाबाईनं ते ऐकलं. ऐकून तीही रडली. फक्त तिनं सकाळी डोळ्यांत धूर गेला म्हणून सांगितलं.

गुरुवारी सकाळी हरिओम व्यापारी पिकअप घेऊन दत्तरावाच्या शेतात आला. कळप रात्री तिथंच बसला होता, सुलतानही खुंट्याला होता. हरिओमनं चांदीचे दात पाहिले, पाठ दाबली, पोट चाचपलं आणि दहा म्हणाला. येडबा आभाळाकडं बघून तेरा म्हणाला. दत्तराव आणि चांगुणाबाई धावत आली आणि आपल्याला आधी का सांगितलं नाही म्हणून रागावू लागली. केवळाबाईनं कुणाचंच ऐकलं नाही. तासभर घासाघीस होऊन बारावर सौदा जमत आला तशी तिनं खाली बसून चांदीच्या गळ्यातली घंटी सोडली. दोरी जुनी, गाठ सुटता सुटेना. मेंढी आपली तिच्या पदराला तोंड लावून उभी होती.

घंटी हातात आली आणि तेवढ्यात गाडीवाटेवरून पांढरी मोटार येताना दिसली. खड्डे चुकवत, धूळ उडवत, भुरकट दारांवर ऊन घेत ती बांधापाशी थांबली. धम्मशीला चालवत होती. शेजारी सिद्धोधन दोन्ही हातांनी वरची कडी धरून बसला होता. चांगुणाबाईनं तासाभरापूर्वी फोन केला होता आणि ही दोघं अर्ध्या दिवसाची रजा टाकून निघाली होती. मोटार बघून मेंढरं हलली, तशी हरिओमनं आपल्या पिकअपची काळजी वाटून विचारलं, रंग वाळलाय ना यांचा?

सिद्धोधन उतरता उतरताच बोलायला लागला, की मावशी, तुम्हाला पैसे मागितले कुणी, आणि एडक्यानं केलेल्या कामाला मेंढी कशाला विकता. धम्मशीला मागून आली आणि त्याच्या पुढं उभी राहिली. तिच्या हातात अजून किल्ली होती.

"मावशी, घंटी बांधा परत," ती म्हणाली. "पोचा सुलताननं न्हाई पाडला. मी पाडला. फाटकातून आत घेताना खांबाला लागली. कुनाला दिसू नये म्हनून ती बाजू भिंतीकडं करून लावली. तिथं जागाच ठिवली नव्हती मी, तर मेंढरं घासनारच की."

सिद्धोधन बायकोकडं बघत राहिला. चार दिवस तो कचेरीत, चहाच्या टपरीवर, मिस्त्रीकडं, सगळीकडं एका एडक्याला शिव्या देत फिरत होता. कुठंतरी ठोकशील, हे आपलेच शब्दही त्याला आठवले असावेत, कारण त्याचे कान लाल झाले.

सगळ्यात आधी येडबा बोलला. त्याला एकच विचारायचं होतं, की आता सुलतानाची माफी कोण मागणार. हे त्यानं इतक्या गंभीरपणे विचारलं, की सिद्धोधननं खरंच खुंट्यापाशी जाऊन हात जोडले. सुलताननं डोकं खाली घातलं आणि एक पाय मागं घेतला, तसा तो चार पावलं झपाझप मागं आला.

धम्मशीला मात्र हसली नाही. ती केवळाबाईसमोर खाली बसली.

"तुम्हाला म्हाईत होतं," ती म्हणाली. "त्याच दिवशी. खांबाकडं बघितलं होतं तुमी. मग बोलला का न्हाईत?"

केवळाबाई चांदीच्या गळ्यात घंटी बांधत होती. तिनं मान वर केली नाही.

"सुलतानाला चार लोक बोलले तर त्याचं काय जायलंय, माय," ती म्हणाली. "त्याला काय सासर हाय?"

हे ऐकून धम्मशीलाचे डोळे भरून आले, आणि ती तिथंच, बांधावर, लेंड्या-मातीत बसून लहान पोरीसारखी रडली आणि हसली. खरी पंचाईत चांगुणाबाईची झाली. सासू म्हणजे तीच की. आधी तिला राग आला, की मी काय हिला खाणार होते? मग तिनं स्वतःचंच एक जुनं प्रकरण बाहेर काढलं. नवी नवरी असताना तिच्या हातून सासूचा पाण्याचा रांजण फुटला होता आणि तिनं ते मांजरावर ढकललं होतं. त्या मांजराला महिनाभर कुणी दूध दिलं नव्हतं. दत्तरावाला हे छत्तीस वर्षांनी पहिल्यांदा कळत होतं. त्या मांजराची बाजू घेऊन आपण आईशी भांडलो होतो, असं तो म्हणाला.

मग चहा झाला. दत्तरावानं न्यायाधीशासारखं बसून निवाडा केला, की पोचा सुनेचा, वर्तुळं केवळाबाईची, खांब माझा आणि शेंगा बाभळीच्या, तेव्हा सगळ्यांनी मिळून निस्तरायचं. केवळाबाई पैशावाचून ऐकेना, तर ठरलं, की तिच्या वाटणीच्या बदल्यात कळप खालच्या तुकड्यात पाच रात्री जादा बसेल, आणि त्या रात्रींचे जे द्यायचे ते दत्तराव मिस्त्रीला देईल. किती रात्री यावरून येडबानं आणि दत्तरावानं सवयीनं घासाघीस केली, फक्त या वेळी येडबा वाढवत होता आणि दत्तराव कमी करत होता. हरिओम रिकाम्या हातानं गेला नाही. येडबाला तसेही दोन बोकड काढायचे होते, ते त्यानं नेले.

पुढं मोटार नीट बघितल्यावर बन्सीधर मिस्त्रीनंच सांगितलं, की वर्तुळं वरवरची आहेत, पॉलिशनं जातील. रंगवायचं ते फक्त पोचा पडलेलं दार. अकराचे साडेचार हजार झाले. घासणारीनं एवढा जोर लावूनही खालचा रंग टिकला याचं त्याला नवल वाटलं, आणि कोणती पावडर वापरली ते त्यानं विचारून घेतलं. राख म्हटल्यावर त्याचा विश्वास बसला नाही.

वैशाखात दीपिकाचं लग्न झालं. चांदीला फाल्गुनातच कोकरू झालं होतं, काळंभोर, कपाळावर पांढरा टिळा असलेलं, आणि मादी. वऱ्हाड निघायच्या दिवशी धम्मशीला आपणहून मोटार घेऊन आली, की नवरीला पाथरीला मी सोडणार. त्याआधी घरून निघताना सिद्धोधन तिला फाटकाजवळ डावीकडं-उजवीकडं असे हात करायला लागला, तर तिनं त्याला बाजूला व्हायला सांगितलं आणि निळ्या खांबाला हातभर अंतर ठेवून गाडी बाहेर काढली. रामहरीनं चांदीला टेम्पोत चढवलं. दीपिका कोकरू मांडीवर घेऊन मोटारीत बसली, नवी साडी, हळदीचं अंग आणि मांडीवर लेंड्यांची भीती.

तेवढ्यात केवळाबाई आतून आली. रडून रडून तिचं नाक लाल झालं होतं आणि हातात ऑइल पेंटचा डबा होता. मांडवासमोर नऊ मोटारी उभ्या होत्या, त्यातल्या सात पांढऱ्या. पाथरीच्या मांडवात आणखी तितक्याच असतील. तिनं धम्मशीलाकडं पाहिलं. धम्मशीलानं काच खाली केली आणि मान डोलावली.

केवळाबाईनं दोन बोटं रंगात बुडवली आणि मोटारीच्या उजव्या कुशीवर, मागच्या चाकाच्या वर, दोन पट्टे ओढले.

"आपलं हाय म्हनून कळावं," ती म्हणाली. "आन् वाळूस्तोर भिंतीला लावू नको, सूनबाई."

धम्मशीलानं ते पट्टे अजून काढलेले नाहीत. शाळेच्या आवारात पाच पांढऱ्या मोटारी उभ्या असतात, आणि तिची तिला लांबूनच ओळखू येते.